बहात्तरावा मासा

"इथे जर्मन कोणाला येतं?" असं जोसलिनने विचारलं तेव्हा पद्माकर आठल्ये खिडकीबाहेर बघत होता. मीटिंगमध्ये असला प्रश्न आला की अनुभवी माणूस खिडकीबाहेरच बघतो. पण चांगी बिझनेस पार्कमधल्या त्या कंपनीत सगळ्यांचे बायोडेटा एका क्लिकवर उघडायचे, आणि पद्माकरच्या बायोडेटात गेली अठ्ठावीस वर्षं एक ओळ मुकाट्याने पडून होती : 'जर्मन - मध्यम'.

"पद्मा, यू नो जर्मन, व्हाय नेव्हर से?" जोसलिन म्हणाली. ती त्याची मॅनेजर. जन्माने, बोलण्याने आणि घाईने अस्सल सिंगापूरची. 'पद्माकर'मधला 'कर' तिने पहिल्याच दिवशी वेळ वाचवण्यासाठी काढून टाकला होता.

"लाँग बॅक," पद्माकर म्हणाला.

"लाँग बॅक ऑल्सो कॅन," जोसलिन म्हणाली, आणि विषय संपला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पद्माकर पुण्यात जर्मन शिकला होता हे खरं. जर्मनीला जायचं म्हणून शिकला आणि नोकरी लागली सिंगापुरात. पण 'मध्यम' पातळीची परीक्षा तो पास झाला ती पुढच्या बाकावरच्या उल्का साठेमुळे. पेपर लिहिताना ती पाठ जरा डावीकडे झुकवून बसायची. पुढे त्याच उल्काशी लग्न झाल्यामुळे हे गुपित घरातच राहिलं.

काम वरवर पाहता सोपं होतं. जर्मनीतल्या एका राज्यासाठी कंपनी मासेमारीच्या परवान्याचं सॉफ्टवेअर करत होती. राज्य चारी बाजूंनी जमिनीने वेढलेलं, त्यामुळे मासे सगळे नद्या-तळ्यांतले. कुठला मासा किती लांबीचा झाल्यावर पकडायचा, कुठल्या महिन्यांत त्याला हातही लावायचा नाही, असे जर्मन शिस्तीचे नियम होते. माशांची नावं बहात्तर. सिंगापूरच्या टेस्टरना ती वाचता येत नव्हती, म्हणून त्यांचं इंग्रजी करायचं होतं. क्लायंटची माहिती बाहेरच्या कुठल्याही संकेतस्थळावर टाकायची नाही असा कडक नियम होता, आणि पद्माकर रस्त्यावर चिटपाखरू नसतानाही सिग्नलमधल्या हिरव्या माणसाची वाट बघत उभा राहणाऱ्यांपैकी होता.

त्यातून तो शुद्ध शाकाहारी. देवरुखच्या आठल्यांच्या घरात मासा शिरला तो फक्त दशावतारांच्या तसबिरीतून. तरी त्याने हिय्या केला. बहात्तरांपैकी नऊ नावं त्याला खरोखर येत होती. उरलेल्या त्रेसष्टांचा त्याने शब्दशः अर्थ लावला. 'नाझं' म्हणजे नाक, म्हणून 'नोज'. 'श्नायडर' म्हणजे शिंपी, म्हणून 'टेलर'. 'रोटआउगं' म्हणजे 'रेड आय'. 'मोडरलीसशेन'पाशी तो तासभर अडला. 'मोडर' म्हणजे कुजकं आणि 'लीसशेन' म्हणजे छोटी लीझा. त्याने 'रॉटन लिझी' लिहिलं आणि डबा खायला गेला.

सगळ्यात वर मथळा होता, 'झ्यूसवासरफिशं'. 'झ्यूस' म्हणजे गोड, 'वासर' म्हणजे पाणी. गोड्या पाण्यातले मासे. हे मात्र त्याने एका क्षणात आणि छाती फुगवून लिहिलं : 'स्वीट वॉटर फिश'.

दुसऱ्या दिवशी टेस्टिंग सुरू झालं. टेस्टर होती स्वप्नाली, मालवणची. कामाला चोख. तिने दुपारपर्यंत एकेचाळीस चुका नोंदवल्या.

'नोज. किमान लांबी चाळीस सेंटिमीटर. आकडा चुकला असावा.'

'टेलर. वर्षभर पकडण्यास मनाई. कारण कळावे.'

'रॉटन लिझी. ही व्यक्ती आहे का? असल्यास यादीत का?'

मथळ्याबद्दल मात्र तिने काहीच लिहिलं नव्हतं. मराठी माणसाला गोड्या पाण्यात काय खटकणार? तो स्क्रीन जर्मनीला गेला, तर तिथेही कोणाला खटकलं नाही. मालवण आणि जर्मनी यांचं पूर्ण एकमत झालं. अडली ती एकटी जोसलिन.

"पद्मा, धिस वन स्वीट अँड सावर फिश, इज इट?"

"नो, नो. द वॉटर इज स्वीट."

"हू पुट शुगर?"

गोड्या पाण्याला इंग्रजीत 'फ्रेश' म्हणतात हे पद्माकरला माहीत नव्हतं असं नाही. पण दोन भाषा एका सुरात बोलायला लागल्यावर तिसरी वेगळं काही म्हणत असेल, अशी शंका त्या दिवशी त्याच्या मनाला शिवली नाही.

इथवर ठीक होतं. पण चाळीस सेंटिमीटरचं नाक बघून एका तत्पर प्रोग्रॅमरने कोणालाही न विचारता ते चार सेंटिमीटरचं केलं. ते तसंच जर्मनीतल्या प्रात्यक्षिकात दिसलं. तिथे मासेमारांच्या संघटनेचे एक आजोबा हजर होते. बोटभर पिल्लं पकडायला सरकार परवानगी देतंय असं समजून ते उभे राहिले आणि बराच वेळ बसले नाहीत. संध्याकाळी क्लायंटच्या लिंडनरसाहेबांचं पत्र आलं : शुक्रवारपर्यंत सगळी नावं नीट करून द्या, आणि कृपया हे शिंप्याचं काय आहे ते कळवा.

पद्माकर घरी परतला तो शुक्रवार डोक्यात घेऊनच. सिमेईला अकराव्या मजल्यावर त्याचा फ्लॅट होता, तीन माणसांसाठी घेतलेला. दोन वर्षांपूर्वी चैत्रालीला पुण्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला आणि तिचं बस्तान बसवायला म्हणून उल्का सहा महिन्यांसाठी गेली. ते सहा महिने अजून संपले नव्हते. भांडण नव्हतं, काही नव्हतं. तिकडे उल्काच्या वडिलांची तब्येत, मग चैत्रालीची परीक्षा, मग काय ते दोघांनाही धड आठवत नव्हतं. पद्माकर कुकर लावायला शिकला. एकट्या माणसाला बाजारात एक वस्तू कधीच बेताची मिळत नाही, ती म्हणजे कोथिंबीर. दर आठवड्याला तो जुडी आणायचा आणि दर आठवड्याला अर्धी टाकून द्यायचा.

रोज रात्री साडेआठला, म्हणजे पुण्यात संध्याकाळी सहाला, तो फोन करायचा.

"जेवलास?"

"हो. तुझं काय चाललंय?"

"काही नाही. चैत्राली यायचीय."

"बरं."

एवढंच. पूर्वी हा फोन अर्धा तास चालायचा, मग दहा मिनिटं, आता चार वाक्यं. एक दिवस ती तीन होतील याची पद्माकरला भीती वाटायची. तीनची दोन व्हायला वेळ लागत नाही, आणि सव्वीस वर्षांच्या संसाराचं दोन वाक्यांत काय होतं हे त्याला बघायचं नव्हतं.

त्या सोमवारी 'बरं' म्हणायच्या ठिकाणी तो म्हणाला, "उल्का, नाझं म्हणजे काय?"

"नाक. का? सर्दी झालीय?"

"नाही, मासा आहे."

"तू मासे खायला लागलास?"

मग त्याला सगळं सांगावं लागलं. उल्का काही संकेतस्थळ नव्हती, त्यामुळे तिला विचारण्यात नियमभंग होत नाही, अशी त्याने मनाची समजूत घातली. शिंपी ऐकून ती हसली. कुजकी लिझी ऐकल्यावर तिला ठसकाच लागला. पद्माकरने फोन कानाला आणखी घट्ट धरला. हे हसणं त्याने शेवटचं कधी ऐकलं होतं, ते त्याला आठवेना.

"अरे, नदीतल्या माशांना इंग्रजीत त्यांची स्वतःची नावं असतात. आपण कटल्याला 'कट केलेला' म्हणतो का? थांब, आपली ती जाडी डिक्शनरी माळ्यावर असेल. उद्या काढून ठेवते."

मंगळवारी डिक्शनरी निघाली. पद्माकर नाव सांगायचा, पलीकडे पानांची फडफड व्हायची, आणि उल्का उत्तर द्यायची. फोन अधूनमधून तुटक व्हायचा, त्यामुळे मजा आणखी वाढायची.

"श्लाये," पद्माकर म्हणाला.

"काय शिळाय? भात?"

"भात नाही. श्लाये. मासा."

"मग टाकून दे ना तो. शिळं खाऊ नकोस."

"उल्का, एस, सी, एच, एल..."

"अच्छा, श्लाये होय." फडफड. "टेंच."

एकवीस नावांना सव्वा तास लागला. मध्ये क्लास निघाला, क्लासमधले व्याकरणाचे कडक मास्तर निघाले, क्लासखालचा चहावाला निघाला.

"क्लास सुटल्यावर तू मला काय म्हणायचास, आठवतंय?" उल्काने विचारलं.

पद्माकरला चांगलंच आठवत होतं. तेव्हा तो पुण्यात कॉट भाड्याने घेऊन राहायचा. जिना उतरताना तिच्या मागून फिल्मी हिंदीत म्हणायचा, 'उल्का, बंदा अकेलाय,' आणि ती चहाला यायची. आता बावन्नाव्या वर्षी ते आठवून त्याचे कान गरम झाले.

"नाही बुवा," तो म्हणाला.

"खोटारडा. बाकीचे आजच घेऊ या का? तुझं काम उरकेल."

"नको, नको," पद्माकर घाईने म्हणाला. "रोज एकवीसच. जास्त झाले की गोंधळ होतो."

ऑफिसात मात्र आगीतून फुफाट्यात असं झालं. चुकीची नावं निदान लोकांना कळत तरी होती. बरोबर नावं कोणालाच कळेनात. 'रेड आय'च्या जागी आता शुद्ध इंग्रजी नाव आलं, 'रोच'. स्वप्नालीने तातडीची चूक नोंदवली : 'यादीत झुरळ.' एकेचाळिसाच्या अठ्ठावन्न चुका झाल्या.

"सर, खरं सांगू?" स्वप्नाली म्हणाली. "नावं काही असू देत. गोड्या पाण्यातला मासा आमच्याकडे मांजरसुद्धा वास घेऊन सोडून देतं."

जोसलिनने झुरळाचा फोटो मागितला, पद्माकरने माशाचा आणला, तेव्हा कुठे ती शांत झाली. "माय किचन ऑल्सो गॉट रोच," ती म्हणाली, "बट कॅनॉट स्विम."

बुधवारी दुपारी एक गोष्ट घडली. चष्म्याचा नंबर वाढल्यापासून पद्माकर स्क्रीनवरचं सगळं दीडपट मोठं करून बघायचा, त्यामुळे यादीच्या फाइलची तळाची पट्टी त्याला कधी दिसलीच नव्हती. त्या दिवशी चुकून स्क्रीन लहान झाला आणि खाली दुसरं पान असल्याचं दिसलं. त्यावर लिहिलं होतं, 'इंग्रजी'. त्याने ते उघडलं. बहात्तर मासे, बहात्तर इंग्रजी नावं, रांगेत. लिंडनरसाहेबांनी पहिल्याच दिवशी पाठवलेली.

कोणीही शहाणा माणूस उडी मारून जोसलिनकडे गेला असता. पद्माकरने आधी मान वळवून स्वप्नाली बघत नाही ना ते पाहिलं. बेचाळीस नावं अजून उरली होती. एकवीस आज, एकवीस उद्या. शुक्रवार तर परवा होता. त्याने ते पान बंद केलं, फाइल पुन्हा दीडपट मोठी केली आणि पाणी प्यायला उठला. ज्या माणसाने कधी लाल दिव्यात रस्ता ओलांडला नाही, त्याने त्या दिवशी क्लायंटचं एक अख्खं पान दडपलं.

रात्री मोडरलीसशेनची पाळी आली. पलीकडे बराच वेळ फडफड चालली.

"सनब्लीक," उल्का म्हणाली. "आणि ऐक, ती कुजकी वगैरे नाही रे. ते मूळचं मोडरलोस आहे म्हणे. म्हणजे आईविना. तळ्यात एकदम कुठून तरी उगवतात, म्हणून लोकांना वाटायचं, यांना आईच नाही."

"एवढं सगळं दिलंय डिक्शनरीत?"

"जाडी आहे ना," उल्का म्हणाली.

गुरुवारी संध्याकाळपासूनच पद्माकरला करमेना. सगळी मिळून एकवीस नावं. त्याने ती पुरवून पुरवून विचारली. एकेक नाव दोनदा सांगितलं, एकदा मुद्दाम चुकीचंही सांगितलं. तरी दहाला वीस झाली. उद्या पुन्हा 'जेवलास', 'हो', 'बरं'. यादीच्या तळाशी एकच नाव उरलं होतं. स्पेलिंग यू-के-ई-एल-ई-आय. त्याने ते मनात जर्मन पद्धतीने लावलं आणि घसा खाकरला.

"शेवटचा," तो म्हणाला. "ऊकेलाय."

फोन नेमका पहिल्या अक्षरावर तुटक झाला. पलीकडून ना फडफड, ना आवाज.

"हॅलो? उल्का?"

"काय म्हणालास?" तिचा आवाज अगदी हळू आला. "पुन्हा म्हण."

"ऊकेलाय."

तिला जिन्यातलं ते जुनं वाक्य ऐकू येतंय हे तेव्हा कुठे पद्माकरच्या लक्षात आलं. 'मासा आहे गं' एवढं म्हटलं असतं तरी खुलासा झाला असता. शिळ्या भाताच्या वेळी त्याने स्पेलिंग सांगितलं होतं, तसं आताही सांगता आलं असतं. त्याने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

"कधीपासून?" उल्काने विचारलं.

"दोन वर्षं झाली," पद्माकर म्हणाला.

"मग सांगायचं नाहीस?"

"चार वाक्यांत कुठे बसवणार?"

ती म्हणाली, "मला वाटायचं, तू दमून आलेला असतोस. बोलायला नको असतं तुला. म्हणून मी आवरतं घ्यायचे."

"आणि मला वाटायचं, तू कामात असतेस. म्हणून मी."

"कसलं काम? चैत्राली दिवसभर बाहेर. बाबा आठला झोपतात. मी भाजी निवडत बसते. तीही एवढीशी असते."

"कोथिंबीर उरते का तुझी?"

"रोज," उल्का म्हणाली, आणि तिचा आवाज भरून आला. पद्माकरचेही डोळे पाणावले.

"बरं, आणि तो शेवटचा मासा?" ती नाक पुसत म्हणाली.

"तोच सांगितला मी."

"कुठला?"

"ऊकेलाय. यू, के, ई, एल..."

"मेल्या," उल्का म्हणाली. मग फडफड झाली, आणि ती हसायलाच लागली. "अरे, इंग्रजीत त्याला 'ब्लीक' म्हणतात."

"म्हणजे?"

"उदास. ओसाड. नाव मी नाही ठेवलं हो."

शुक्रवारी यादी गेली. संगणकाने नेहमीप्रमाणे साप्ताहिक अहवाल बनवला आणि वरिष्ठ संचालकांना धाडला. शेवटची नोंद बहात्तराव्या माशाची होती, तीच नेमकी सगळ्यात वर आली : 'ब्लीक. मर्यादा नाही. वर्षभर सुरू.' संचालकांनी ते प्रकल्पाचं भवितव्य समजून वाचलं आणि टीममध्ये इतका निराश माणूस कोण आहे, असं जोसलिनला फोन करून विचारलं.

जोसलिन पद्माकरच्या टेबलाशी आली. त्याने माशाचा फोटो दाखवला. चंदेरी, वीतभर, तसा दिसायला हसतमुखच मासा होता.

"ओ, फिश," ती म्हणाली. पण गेली नाही. "बट पद्मा, यू ओके ऑर नॉट? एव्हरी डे आय सी यू ईट अलोन."

"ओके," पद्माकर म्हणाला, आणि ते निम्म्याहून जास्त खरं आहे हे त्याचं त्यालाच जाणवलं. सोमवारी डबा आपल्या टेबलाशी आणायचा, असा हुकूम देऊन ती गेली.

घरी जाताना एमआरटीच्या गाडीत चैत्रालीचा व्हॉइस मेसेज आला. बारा वर्षं सिंगापुरात काढलेली ती मुलगी पुण्यात राहूनही तशीच बोलायची.

"बाबा, युवर फिश फिनिश ऑलरेडी ऑर नॉट? आई सो फनी ला. तुझ्याशी बोलताना ती लॅपटॉपवर बघते, आणि हातात पेपर घेऊन तो फडफड फडफड करते. मी विचारलं व्हाय, तर म्हणाली शूऽऽ. आणि कुठली डिक्शनरी? आजोबा म्हणाले, ती तर आपण सिंगापूरला गेलो तेव्हाच रद्दीत दिली."

पद्माकरने तो मेसेज दोनदा ऐकला. तिसऱ्यांदा ऐकताना त्याचं स्टेशन मागे पडलं. म्हणजे त्रेसष्ट माशांचं काम दहा मिनिटांचं होतं, हे तिकडेही ठाऊक होतं. पुढच्या स्टेशनवर उतरून, उलट्या गाडीत बसून तो घरी आला. कुकर लावला. साडेआठला फोन केला.

"जेवलास?"

"हो. तुझं काय चाललंय?"

"काही नाही," उल्का म्हणाली. "चैत्राली यायचीय."

चौथं वाक्य पद्माकरचं होतं. ते त्याने गिळलं. पलीकडे तीही घुटमळत होती.

"ते गोड्या पाण्यातले संपले ना रे सगळे?" शेवटी तिने विचारलं. "मग आता समुद्रातले असतील."

त्या राज्याला समुद्र नव्हता. सगळ्यात जवळचा किनारा तीनशे किलोमीटर लांब, तोही दुसऱ्याच राज्याचा.

"आहेत ना," पद्माकर म्हणाला. "खूप आहेत."

"मग थांब हं," उल्का म्हणाली, आणि पलीकडे वर्तमानपत्र फडफडलं.